जिथं डाव अडतो

१२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतल्या ५७ किलो वजनगटाची अंतिम कुस्ती होती. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे ती १५-७ अशी जिंकला आणि त्यानं सुवर्णपदक घेतलं. ते त्यानं आपल्या दिवंगत गुरूंना, हरिश्चंद्रमामा बिराजदारांना अर्पण केलं. मामा लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. मामांच्या मागं राहुलला ज्यांनी घडवलं ते काका पवारही लातूरच्याच साई गावचे. म्हणजे पदक पाटोद्याचं असलं तरी त्यामागची नजर लातूरच्या मातीत तयार झालेली होती.

त्या सोन्याचं कौतुक भरपूर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या सात वर्षांबद्दल. २०११ साली ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत राहुलनं ५५ किलो गटात कांस्यपदक जिंकलं होतं. पोरगा आता मोठा होणार, असं सगळ्यांना वाटत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मामा गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला त्याच्या वजनगटातून अमितकुमार गेला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेलाही अमितकुमारच गेला आणि सुवर्ण घेऊन आला. मधल्या काळात जागतिक संघटनेनं वजनगट बदलले, ५५ चे ५७ झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला संदीप तोमर गेला. एका पैलवानाच्या उमेदीच्या वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा डोळ्यांसमोरून निघून गेल्या.

या काळात राहुलनं मेहनत थांबवलेली नव्हती. पहाटे उठणं, जोर, बैठका, दोर, संध्याकाळची लढत, सगळं चालूच होतं. तरीही दार उघडत नव्हतं. खेळ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा काळ कधी ना कधी येतो. मेहनत तीच राहते, कधी कधी वाढतेही, पण खेळ पुढं सरकत नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्याच्याकडून हरलो त्याच्याकडूनच आणि तशाच पद्धतीनं पुन्हा हरतो. हळूहळू तालमीकडं जाणारी पावलं जड होतात. लातूर आणि नांदेडच्या तालमींतून दरवर्षी किती पोरं या टप्प्यावर लंगोट खुंटीला टांगतात, याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून या टप्प्याविषयी नीट बोलायला हवं.

जत्रा, इनाम आणि पहिली चढण

मराठवाड्यात कुस्तीची सुरुवात बहुधा जत्रेत होते. लातूरला महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथं कुस्त्यांचं मैदान असतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, लावणीचे फड आणि कुस्त्यांची दंगल हे सगळं तिथं एकाच माळावर असतं. याशिवाय गावोगावचे उरूस आणि ग्रामदैवतांच्या जत्रा आहेतच. हलगी कडाडते, पंच जोड लावतात आणि दहा-बारा वर्षांचं पोर शड्डू ठोकून हौद्यात उतरतं. जिंकलं तर हातात नोटा पडतात, चुलते खांद्यावर घेतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरही पाठ थोपटतात.

सुरुवातीची ही चढण फार वेगानं होते. अंगात ताकद भरत असते, उंची वाढत असते. आज शिकलेला डाव उद्या लागतो. पट काढता यायला लागला की गावातली सगळी पोरं पडतात. ढाक जमली की तालुक्यातली पडतात. प्रत्येक महिन्याला काहीतरी नवीन हाताशी येतं, त्यामुळं पहाटे उठायला कोणी सांगायला लागत नाही. गोडी लावायचं काम प्रगतीच करत असते.

मग सोळा-सतरा वर्षांच्या आसपास पोरगा जिल्ह्याला किंवा विभागाला जातो. तिथं त्याच्यासारखाच पट येणारी, त्याच्याइतकीच ताकद असलेली पोरं असतात. आजवर ज्या डावावर तो जगला तो डाव समोरच्याला आधीच ठाऊक असतो. हात पुढं येण्याआधीच समोरचा पाय मागं घेतो. पोरगा घरी येतो आणि मेहनत वाढवतो. पाचशे बैठकांच्या सातशे करतो, दुधाचा रतीब वाढवतो. अंग भरतं, वजन वाढतं, पण कुस्तीचा निकाल तोच राहतो. त्याला वाटतं, आपल्यात तेवढं नाहीच. घरच्यांनाही तसंच वाटू लागतं. खुराकाचा खर्च डोळ्यांवर येतो आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचा विषय निघतो.

पोलीस भरतीला जाण्यात वाईट काहीच नाही. राहुल आवारेही पुढं महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाला. दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. ‘आपल्यात नाही’ हा निष्कर्ष पोरगा फार लवकर काढतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

तारेवरची टकटक

शिकताना माणूस अडतो का, या प्रश्नाचा पहिला गाजलेला अभ्यास आखाड्यात झाला नाही, तारघरात झाला. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारयंत्रावर काम शिकणाऱ्या मुलांच्या प्रगतीचे आलेख काढले. त्यांचे निबंध १८९७ आणि १८९९ साली प्रसिद्ध झाले. तार पाठवण्याचा वेग सरळ चढत गेला. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र एका जागी येऊन आडवा झाला. कित्येक आठवडे तो हललाच नाही आणि त्यानंतर पुन्हा चढला.

त्यांनी याचा अर्थ असा लावला. सुरुवातीला शिकाऊ मुलगा एकेक अक्षर ऐकतो. अक्षरं सरावाची झाली की कान शब्द पकडू लागतो, आणि त्यानंतर वाक्याचे तुकडे. अक्षरांवरून शब्दांवर जाताना काही काळ वेग वाढल्याचं दिसत नाही. वरून सपाट दिसणाऱ्या त्या आठवड्यांत आतली जुळणी चालू असते. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि आपल्यासाठी ती जास्त मोलाची आहे. कामापुरता वेग आला की बरेच तारवाले तिथंच वर्षानुवर्षं थांबत. पुढं जाण्याची गरज अंगावर आली तरच ते पुढं सरकत.

नंतरच्या अभ्यासकांनी या सपाटीबद्दल शंका घेतली. १९५८ साली फ्रेड केलर यांनी तर तिला भासमान म्हटलं. नीट शिकवलं तर असं अडून राहणं मुळात अटळ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर जे काम केलं, तेही याच दिशेनं जातं. सराव किती तास केला यासोबतच तो कसा केला याला त्यांनी महत्त्व दिलं. जे जमतं तेच पुन्हा पुन्हा करण्यात वेळ जातो. जे जमत नाही तेवढंच वेगळं काढून, चूक लगेच दाखवणाऱ्या माणसासमोर केलं तर माणूस बदलतो. २०१७ साली वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेड यांनी त्यात आणखी भर घातली. पठारानंतर पुष्कळदा आधी घसरण येते आणि मग उडी. नवीन पद्धत हाताशी येईपर्यंत जुन्या पद्धतीपेक्षा कामगिरी खाली जाते. या घसरणीला घाबरून माणूस जुन्या पद्धतीकडं परतला की पुन्हा पठारावरच येतो.

हे सगळं वाचताना मला सारखी तालीम आठवत होती. हौद्याची लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून कितीही प्रेमानं तयार केली, तरी रोजच्या पावलांनी ती दबते, घट्ट होते. म्हणून लढतीआधी पोरं फावडं घेऊन ती खालपासून उकरतात. वरवर झाडून चालत नाही. पैलवानाच्या डावाचंही तेच आहे. हजार वेळा मारलेला डाव अंगात बसतो आणि बसला की दबून घट्ट होतो. त्यात हात घालायला जागा राहत नाही. तो खालपासून उकरावा लागतो.

पट सोडवून पुन्हा बांधणं

एकेरी पटाचं उदाहरण घेऊ. पोरगा म्हणतो, ‘माझा पट लागत नाही.’ हे वाक्य निदान म्हणून फार ढोबळ आहे. चांगला वस्ताद त्याचे तुकडे पाडतो. सलामीनंतर उभं राहण्याचं अंतर बरोबर आहे का? हात झटकून समोरच्याचं लक्ष वर नेलं का, की थेट पायाकडं झेप घेतली? खाली जाताना कंबर वाकली की गुडघा वाकला? कंबर वाकली तर डोकं खाली जातं आणि समोरचा वरून दाबतो. पाय हातात आला तेव्हा डोकं आत होतं की बाहेर? पाय धरल्यावर पुढं काय करायचं हे ठरलेलं होतं का? बहुतेक पोरांचा पट लागलेला असतो, पुढचा ताबा घेणं राहून जातं. अडचण एका जागी असते आणि पोरगा संपूर्ण डावाला, मग स्वतःला दोष देत बसतो.

जागा सापडली की सराव बदलतो. लढत हाताला हात लावून सुरू न करता, पाय धरलेल्या अवस्थेतूनच सुरू करायची. पुन्हा पाय धरायचा, पुन्हा तिथूनच सुरुवात. एरवी दहा मिनिटांच्या लढतीत ती अवस्था कदाचित एकदाच येते. अशा सरावात ती पंधरा मिनिटांत वीस वेळा येते. एका गुणानं मागं आहे आणि तीस सेकंद उरलेत, असं धरूनही लढवता येतं. दमलेल्या अंगानं डाव लागतो की नाही, ते तिथं कळतं.

जोडीदारही बदलावा लागतो. रोज एकाच गड्याशी लढून दोघांनाही एकमेकांचं अंग पाठ होतं. हलक्या वजनाचा पण चपळ जोडीदार घेतला की पायांचा वेग उघडा पडतो. उंच जोडीदार घेतला की हातांची पकड उघडी पडते. लहान पोरांना शिकवायला लावणं हाही जुना आणि चांगला उपाय आहे. दुसऱ्याला डाव समजावताना आपलाच डाव आपल्याला पहिल्यांदा नीट दिसतो.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. हौद्याच्या कडेला एकानं उभं राहून लढत टिपली, तर वस्तादाचं बोलणं पोरगा स्वतःच्या डोळ्यांनी तपासू शकतो. पैलवानाला लढताना जे वाटतं आणि प्रत्यक्षात जे होतं, यात फार अंतर असतं. आपण खाली गेलो असं त्याला वाटतं, चित्रात गुडघा जेमतेम वाकलेला दिसतो. तालुक्याच्या छोट्या तालमीलाही हे साधन परवडतं. ते वापरायची सवय मात्र लावावी लागते.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय असेल तर तालमीतलं हरणं. नवीन पद्धतीनं पट काढायला लागलेला पोरगा आठवडेच्या आठवडे पडतो. कालपर्यंत जे त्याच्याकडून पडत होते ते त्याला पाडतात. पैलवानाच्या मानी स्वभावाला हे सोसवत नाही आणि तो गुपचूप जुन्या डावावर जातो. त्या दिवशी तो जिंकतो. वस्तादाचं खरं काम इथं सुरू होतं. तालमीतल्या पडण्याची लाज वाटू न देणं आणि सरावाची लढत व निकालाची कुस्ती वेगळी ठेवणं, हे त्याच्या हातात असतं.

मातीतून गादीवर

महाराष्ट्राची कुस्ती एक मोठं पठार पिढ्यान्‌पिढ्या चढते आहे. ते आहे मातीतून गादीवर जाण्याचं. मातीतल्या कुस्तीत चीतपट हा निकाल. खडाखडी लांबली तरी चालते, समोरच्याला दमवून मग डाव टाकता येतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रत्येक ताब्याला, प्रत्येक ढकलण्याला गुण आहेत. नुसतं थोपवत राहिलं तर पंच ताकीद देतात आणि मग तीस सेकंदांत गुण घ्यावा लागतो, नाहीतर समोरच्याला तो मिळतो. मातीत पाय रुततो, गादीवर सुटतो. मातीत संयम हा गुण ठरतो, गादीवर तोच अंगाशी येऊ शकतो. म्हणजे मातीत तयार झालेल्या पैलवानाला आपल्या चांगल्या सवयीही नव्यानं तपासाव्या लागतात.

खाशाबा जाधवांनी हे सगळ्यांत आधी केलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीची त्यांना सवय नव्हती. ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्या क्रमांकावर समाधान मानून ते थांबले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता.

लातूरचा मातीतून गादीकडं जाणारा धागा हरिश्चंद्रमामांपासून दिसतो. रामलिंग मुदगडहून ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरलाच झाली आणि गदा घरच्याच पैलवानानं उचलली. १९७२ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, ती कुस्ती जुने शौकीन अजून सांगतात. पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. मातीतल्या या माणसाच्या हाताखालचा राहुल गादीवर आशियाई पदक जिंकला. काका पवार ग्रीको-रोमन प्रकारातले अर्जुन पुरस्कार विजेते आहेत. त्या प्रकारात कमरेखाली धरता येत नाही, सगळा खेळ वरच्या अंगाचा. मातीचा एक गुरू आणि वरच्या अंगाच्या कुस्तीचा दुसरा, अशा दोन नजरांखालून राहुल गेला. अडलेल्या पैलवानाला दुसरी नजर मिळणं किती मोलाचं असतं, हे त्याच्या वाटचालीत दिसतं. २०१९ साली नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ६१ किलो गटात अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ नं हरवून कांस्यपदक जिंकलं. ताश्कंदच्या कांस्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

महाराष्ट्र केसरीचा आजचा आराखडाच हे दोन्ही रस्ते जोडतो. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता गदेसाठी भिडतात. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत लातूरचा शैलेश शेळके मातीतून आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर गादीतून आला. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोजचे जोडीदार. हर्षवर्धन ३-२ नं जिंकला आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. एका गुणानं हुकलेली गदा खांद्यावर बसून पाहणं सोपं नसतं. पण ज्या तालमीत जिंकणारा आणि हरणारा असे एकत्र उभे राहतात, तिथं अडलेल्याला एकटं पडू दिलं जात नाही, असा माझा विश्वास आहे. १४ जानेवारी २०२३ ला कोथरूडमध्ये नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. तो मूळचा पुणे जिल्ह्यातला आणि तालीम तीच. गादी विभागात त्यानं सदगीरलाच हरवलं आणि गदेची कुस्ती मिनिटभरात चीतपट केली. एका तालमीतली तीन पोरं एकमेकांना वर ढकलत राहिली, हा त्यातला खरा मुद्दा.

गुडघ्यावर बसून लाटेवर

नेहमीच माणूस बदलून भागतं असं नाही, कधी साधन बदलावं लागतं. याचं एक सुंदर उदाहरण समुद्रातलं आहे. लाटांवर फळी घेऊन घसरण्याच्या खेळात एक छोटी शाखा आहे, त्यात खेळाडू उभा न राहता गुडघ्यांवर बसतो. वजन खाली असल्यानं तो लाटेच्या पोटात अगदी आतपर्यंत शिरू शकतो, पण पावलं सरकवून फळी वळवता येत नाही. वळण कमरेतून आणि फळीच्या कडेतून काढावं लागतं. शिवाय तासन्‌तास पाण्यात राहून प्रत्यक्ष लाटेवर घालवलेला वेळ मिनिटांत मोजावा इतका थोडा असतो, आणि तीच लाट पुन्हा येत नाही. म्हणून या खेळात माणूस फार लवकर अडतो.

कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथं १९४१ साली जन्मलेला जॉर्ज ग्रीनो गुडघ्यांवरचाच खेळाडू. हवं तसं वळण मिळेना तेव्हा त्यानं फळीखालचा पर तपासायला घेतला. ट्यूना माशाच्या शेपटीकडं पाहून त्यानं लवचिक, मागं झुकलेला पर बनवला. चमच्यासारखी पोकळ, वाकणारी फळी बनवली. १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला, तेव्हा त्याच्या फळीखाली ग्रीनोच्या घडणीचा पर होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत उभ्यानं खेळणाऱ्यांच्या फळ्या आखूड झाल्या आणि सगळा खेळ पालटला. आडबाजूच्या, गुडघ्यावरच्या खेळाडूनं आपली अडचण बारकाईनं पाहिली आणि तिच्यातून सगळ्यांसाठी वाट निघाली.

सात मीटरची रेघ

बसून खेळणारी एक खेळाडू आपल्याकडंही आहे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात होनवडज नावाचं गाव आहे. भाग्यश्री जाधव तिथली. २००६ साली एका जीवघेण्या प्रसंगातून ती वाचली, पण पायांतली ताकद गेली. व्हीलचेअरवर आयुष्य आलं. तिनं गोळाफेक सुरू केली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पुण्यात. तिच्या एफ-३४ गटात खेळाडू जमिनीला बांधलेल्या चौकटीवर पट्ट्यांनी बांधून बसलेला असतो. बैठकीवरून उठायचं नाही. पायांची उसळी नाही, धावत येणं नाही. सगळं बळ खांद्यातून, पोटातून आणि फेकीच्या क्षणाच्या नेमक्या वेळेतून काढायचं. चौकटीची उंची आणि पट्ट्यांची जागाही तिच्या खेळाचाच भाग आहे.

टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिनं ७ मीटर फेक केली आणि ती सातवी आली. हांगझोऊच्या २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर, रौप्य. मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबेच्या जागतिक स्पर्धेत ७.५६, पुन्हा रौप्य. पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलसोबत भारताचा ध्वज तिच्या हातात होता. स्पर्धेत ७.२८ मीटर आणि पाचवा क्रमांक.

हे आकडे मी मुद्दाम सलग दिले. हांगझोऊ ते कोबे या प्रवासात दोन सेंटिमीटरची भर आहे. अंगठ्याच्या रुंदीएवढीच. आणि पॅरिसला अंतर कमी झालं. फक्त पदक मोजणारा माणूस याला अपयश म्हणेल. पण टोकियोच्या सातव्या क्रमांकापासून पॅरिसच्या पाचव्या क्रमांकापर्यंत २८ सेंटिमीटरची वाढ आहे, तीही बसून, एका खांद्याच्या जोरावर. वरच्या पातळीला वाढ अशीच येते. ती सेंटिमीटरनं येते, कधी मागं जाते, पुन्हा येते. दोन स्पर्धांमधला फरक पाहून ज्याला निराश व्हायचं असेल त्याला कारण रोज मिळेल. तीन वर्षांचा आलेख पाहणाऱ्याला रेघ वर जाताना दिसते. प्रत्येक तालमीत, प्रत्येक मैदानावर पोरांच्या हाताशी एक वही असावी, असं मला वाटतं ते यासाठी. वजन, झोप, दुखणं, कोणता डाव कुठं अडला, हे लिहिलेलं असलं की मनाचा अंदाज आणि खरी परिस्थिती यांतला फरक कळतो.

उमेद कशी परत येते

उमेद गेली म्हणून खेळ अडला, असं आपण समजतो. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. खेळ अडल्यामुळं उमेद गेलेली असते, आणि खेळ जरासा हलला की ती परत येते. म्हणून अडलेल्या पोराला भाषण देऊन फार उपयोग होत नाही. दोन आठवड्यांत साध्य होईल असं एकच छोटं काम त्याच्या हाती द्यावं. गदा लांब राहू द्यावी. पाय धरल्यावर तीन सेकंदांत मागं जाता आलं का, एवढंच पाहावं. ते जमलं की त्याच्या डोळ्यांत पुन्हा चमक येते, आणि मग मोठ्या गोष्टी बोलता येतात.

त्याआधी अंगाकडं पाहणंही गरजेचं आहे. दमलेलं शरीर शिकत नाही. आपल्याकडं विश्रांतीला आळस समजतात, आणि अडलेला पैलवान तर अपराधी भावनेनं दुप्पट राबतो. खांदा, गुडघा, मान यांची जुनी दुखणी दाबून लढणाऱ्याला वाटतं आपली हिंमत कमी झाली, प्रत्यक्षात शरीर थांबायला सांगत असतं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती, दुखण्यावर वेळेत उपचार आणि पुरेशी झोप, हाही सरावाचाच भाग मानायला हवा. मराठवाड्यात दुष्काळाचं वर्ष आलं की पहिली कात्री खुराकाला लागते. अशा वर्षी अडलेल्या पोराला ‘मेहनत कमी पडते’ म्हणणं अन्यायाचं आहे.

लातूर आणि नांदेडकडून माझी एक अपेक्षा आहे आणि ती मी मनापासून मांडतो. आपण जत्रेच्या मैदानात शेवटच्या कुस्तीवर लाखांचं इनाम लावतो. ते लावावं, त्यानं कुस्ती जिवंत राहिली. पण त्यातला थोडा वाटा तालुक्याच्या तालमीत एक चांगली गादी टाकायला, एखाद्या प्रशिक्षकाला आठवड्यातून दोनदा गावात आणायला, पोरांच्या दुखण्यावर उपचार करायला बाजूला ठेवता येईल. जिंकणाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. वस्तादानं आणि गावानं वेगळा वेळ द्यायला हवा तो मधल्या पोरांना. ती रोज येतात, मेहनत करतात आणि वर्षभर जिथल्या तिथं आहेत. त्यांना तालमीत मागच्या बाजूला ठेवून चालणार नाही.

बिराजदारमामा रामलिंग मुदगडहून निघाले, काका पवार साईहून, भाग्यश्री होनवडजहून. ही गावं फार मोठी नाहीत आणि त्यांच्यासारखीच शेकडो गावं या दोन जिल्ह्यांत आहेत. तिथल्या एखाद्या तालमीत आज कोणाचा तरी पट अडलेला असेल. त्याला ‘तुझ्यात नाही’ असं सांगण्याआधी त्याच्यासोबत हौद्यात उतरावं, त्याचा डाव खालपासून उकरून पाहावा आणि नेमकी जागा सापडेपर्यंत त्याला सोडू नये. राहुल आवारेला ताश्कंदपासून गोल्ड कोस्टपर्यंत सात वर्षं लागली. आपल्या पोरांना निदान तेवढी सवड तरी द्यायलाच हवी.